नळावरचं भांडण

मनोहर गेल्याचा फोन सकाळी साडेसातला आला. त्याच्या मुलाचा, निखिलचा. "काका... बाबा गेली," एवढंच तो मराठीत म्हणाला, आणि मग इंग्रजीत, झोपेतच गेले, नर्सच्या पहाटे लक्षात आलं, त्रास झाला नाही म्हणतात, वगैरे. निखिल मेडनहेडला असतो. चाळिशी ओलांडलेला, जन्म इथला, इंग्लंडमधलाच, आणि त्याच्या मराठीत बाबा कधी गेला असतो तर कधी गेली असते. एरवी मी त्याला तिथल्या तिथे टोकतो. त्या दिवशी टोकलं नाही. फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन उगीचच नळ सोडून उभा राहिलो. आज त्याला सहा आठवडे झाले. लोक भेटतात, म्हणतात, अठ्ठ्याहत्तर म्हणजे वय झालंच होतं, पडण्याचं निमित्त झालं. मी मान हलवतो. पण निमित्त आपलं आपण होत नाही. तो पडला त्या सकाळी त्याचं माझ्याशी फोनवर बोलणं झालं होतं, जेमतेम चार मिनिटं. मी जे सांगितलं ते त्याने शब्दशः केलं आणि म्हणून तो पडला. हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. मंगलला, माझ्या बायकोलाही नाही.

आमची ओळख सत्तरच्या दशकाच्या अखेरीची. उत्तरेतल्या एका गिरण्यांच्या गावात, हॉस्पिटलच्या क्वार्टर्समध्ये आम्ही एकाच मजल्यावर राहायचो. मी हाडांचा डॉक्टर, तो भुलेचा. म्हणजे मी हातोडी चालवायची आणि त्याने पेशंटच्या उशाशी बसून श्वास मोजायचे. पण मैत्री झाली ती थिएटरात नाही, बाथरूममध्ये. मजल्यावर मिळून एकच बाथरूम, त्यात भलामोठा टब, आणि टबावर हातभर अंतराने दोन नळ. एकातून कढत पाणी, दुसऱ्यातून बर्फ. मधलं काही नाही. मी पहिला आठवडा हात भाजून घेतले आणि इंग्रजांना शिव्या घातल्या. मनोहरने दोन शनिवार बाजार पालथा घालून एक बादली आणि एक दांड्याचा मग पैदा केला, बादली टबात ठेवली, आधी कढत पाणी घेतलं, मग अंदाजाने विसण घातलं आणि सगळ्या मजल्याला ऐकू जाईल असं 'हर हर गंगे' म्हणत आंघोळ केली. बाहेर येऊन मला म्हणाला, "अरे, यांचं बरोबर आहे. कढत पाणी त्यांनी द्यायचं, विसण ज्याचं त्याने घालायचं. आपल्या घरी तरी दुसरं काय होतं?" विसण हा शब्द मी आईखेरीज कुणाच्या तोंडून ऐकून कितीतरी दिवस झाले होते. कढत पाण्यात मिसळायच्या गार पाण्याला आपल्याकडे स्वतंत्र नाव आहे, हे मला परक्या देशात टॉवेल गुंडाळून उभ्या असलेल्या एका अनोळखी माणसाने आठवून दिलं. मी म्हटलं, "यात बरोबर काय आहे? एकाच नळातून हवं तसं पाणी आलं तर काय बिघडतं?" मैत्री आणि भांडण असं एकदमच सुरू झालं.

पुढे दोघांना लंडनच्या बाजूला नोकऱ्या मिळाल्या आणि दोघांनी पिनरमध्ये घरं घेतली, चालत दहा मिनिटांच्या अंतरावर. त्याचं घर जुन्या पद्धतीचं. वर लॉफ्टमध्ये गार पाण्याची टाकी, खाली जिन्याशेजारच्या कपाटात तांब्याचं उभं सिलिंडर. बॉयलरने तापवलेलं पाणी त्यात साठून राहायचं आणि बॉयलर बंद पडलाच तर आत विजेची एक कांडी होती, बटण दाबलं की तिच्यावर पाणी तापायचं. मनोहर त्या सिलिंडरला बंब म्हणायचा. "तांब्याचा आहे, उभा आहे, पाणी तापवतो. बंब नाही तर काय?" त्याच्या बायकोने, शैलावहिनींनी, तो शब्द इतका उचलला की एकदा बंब गळायला लागला तेव्हा त्यांनी प्लंबरला फोन करून घाईघाईत सांगितलं, "अवर बंब इज लीकिंग." रॉय नावाच्या त्या भल्या माणसाला 'बम', म्हणजे ढुंगण, असं ऐकू आलं आणि तो अदबीने म्हणाला, मॅडम, यासाठी डॉक्टरला फोन करायला हवा. वहिनी म्हणाल्या, डॉक्टर घरातच आहेत हो, पण त्यांना काही जमत नाहीये. हा किस्सा मनोहर प्रत्येक गणपतीला सांगायचा आणि वहिनी प्रत्येक वेळी पदराने तोंड झाकून हसायच्या. त्या कपाटात बारा महिने ऊब असायची. वहिनींचं दही तिथे लागायचं, इडलीचं पीठ तिथे फुगायचं, डिसेंबरातसुद्धा. मंगलला त्या कपाटाचा हेवा वाटायचा.

कारण आमच्याकडे कपाट होतं, पण ऊब नव्हती. मी पहिल्या संधीला टाकी, सिलिंडर सगळं उपटून कॉम्बी बॉयलर बसवला होता. कॉम्बीला साठा लागत नाही. नळ उघडला की भिंतीवरचं यंत्र पेटतं आणि लागेल तेवढंच पाणी तापवून देतं. मनोहर तो बघायला आला, भोवती फिरला आणि म्हणाला, "छान आहे. आणि हे बंद पडलं तर?" मी म्हटलं, माणूस येऊन दुरुस्त करेल. "आणि तो येईपर्यंत?" हा एक प्रश्न त्याने मला पंचवीसएक वर्षं विचारला. भुलेचा माणूस, त्याचा स्वभावच तो. एक ऑक्सिजनचं सिलिंडर चालू असेल तर शेजारी दुसरं भरलेलं असल्याशिवाय तो कुणाला झोपवत नसे. आणि मी पडलो हाडांचा. झिजलेला सांधा काढायचा, नवा बसवायचा, पेशंटला तिसऱ्या दिवशी चालवायचं. जुनं जपून वापरा, हे मी आयुष्यात कुणाला सांगितलेलं नाही. नरकचतुर्दशीला त्याच्याकडे चौथ्या पाहुण्याला गार पाणी यायचं तेव्हा मी टाळी मागायचो. एका दिवाळीला माझ्याकडे तो स्वतः उटणं लावून शॉवरखाली उभा असताना खाली मंगलने भांडी घासायला नळ सोडला, वरच्या शॉवरचं पाणी बर्फ झालं आणि मनोहरची किंकाळी आली, "हाच का रे तुझा कॉम्बी?" आम्ही दोघं तावातावाने बोलायला लागलो की मंगल आणि वहिनी एकमेकींकडे बघून म्हणायच्या, झालं यांचं सुरू, नळावरचं भांडण. मोठमोठ्या हॉस्पिटलांतले दोन कन्सल्टंट, आणि भांडायचं कशावरून तर पाणी कुठून कुठे जावं यावरून! मला ती भांडणं फार आवडायची. आता कळतं की आठवडाभर मी त्यांची वाट बघायचो.

तीन वर्षांपूर्वी शैलावहिनींना विसरायला व्हायला लागलं. आधी माणसांची नावं, मग गॅस, मग नळ. एकदा कढत पाण्याखाली हात धरून त्या तशाच उभ्या राहिल्या. मनगटापर्यंत कातडी लाल झाली. त्याच सुमारास लॉफ्टमधली टाकी ठिबकायला लागली. रॉयने दोन पर्याय दिले : नवी टाकी आणि नवं सिलिंडर, नाहीतर सगळं काढून कॉम्बी, ज्यावर पाणी किती तापावं ते ठरवून ठेवता येतं. मनोहरने विचार करून ठेवला होता. नवं सिलिंडर घ्यायचं आणि नळांच्या खाली एकेक छोटा व्हॉल्व्ह बसवायचा, म्हणजे ठरावीक मर्यादेच्या वर ऊन पाणी येणारच नाही. उपाय चांगला होता. मला तेव्हाही कळत होतं की तो चांगला आहे. पण निखिलने मला फोन केला होता, "काका, तुम्ही सांगा ना त्यांना. He only listens to you." आणि मला इतक्या वर्षांनी कुणीतरी पंच म्हणून बोलावलं होतं. मी मनोहरच्या हॉलमध्ये बसून त्याला ऐकवलं, "तुझ्या त्या बंबाच्या हट्टापायी तू वहिनींच्या जिवाशी खेळतोयस." वहिनी समोरच बसल्या होत्या, आमच्याकडे बघून गोड हसत होत्या. मनोहरने वहिनींच्या खांद्यावरची शाल सारखी केली. मग म्हणाला, "तू म्हणतोस तसं करू." हे वाक्य मी त्याच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. घरी येऊन मी मंगलला म्हटलं, अखेर जिंकलो बरं का! ती म्हणाली, "दुसऱ्याच्या घरचा बंब काढलात, आणि पेढे काय वाटताय?"

बॉयलर बसवायच्या दिवशी मी हजर होतो. बोलावलं नव्हतं, आपणहून गेलो होतो. नव्या बॉयलरला एक पांढरी प्लॅस्टिकची नळी असते. आत वाफेचं जे पाणी होतं ते तिच्यातून थेंबथेंब बाहेर गटारात जातं. ती नळी आतून, सिंकखालून न्यायची की भिंतीला भोक पाडून बाहेरून, असा प्रश्न होता. रॉयने विचारलं, "इनसाइड ऑर आउटसाइड, डॉक?" आम्ही दोघंही डॉक, दोघांनी एकदमच उत्तर दिलं. मनोहर म्हणाला इनसाइड, मी म्हणालो आउटसाइड. रॉय हसायला लागला. मनोहरचं म्हणणं, बाहेर उत्तरेचा बोळ आहे, तिथे ऊन म्हणून येत नाही, नळी गोठेल. रॉयनेही मान डोलावली. मी म्हटलं, आतून न्यायची म्हणजे वहिनींची ओट्याखालची कपाटं फोडावी लागतील, आधीच त्यांना घरातलं काही सापडत नाही. आणि माझ्याकडे इतकी वर्षं नळी बाहेरच आहे, कधी गोठली नाही. माझी भिंत दक्षिणेची आहे, दुपारभर तिच्यावर ऊन असतं, हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही. एक्स-रे न बघता ऑपरेशन करावं तसं मी ते केलं. मनोहरने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि रॉयला म्हणाला, "ओके. आउटसाइड."

त्यानंतर भांडण संपलं. मला वाटलं होतं तो कुरकुर करेल, टोमणे मारेल, मला शॉवरखालून फोन करेल. त्याने काहीच केलं नाही. मी मुद्दाम डिवचायचो, "काय रे, येतंय ना पाणी?" तो म्हणायचा, "येतंय." आणि चहा टाकायला उठायचा. एकदा त्यांच्या फ्रिजमध्ये दूध ठेवायला गेलो तर सुपरमार्केटमधल्या दह्याचे पाच-सहा डबे. वहिनींना विकतचं दही चालत नाही हे मला ठाऊक होतं, म्हणून विचारलं. मनोहर हळू आवाजात म्हणाला, "ती रोज संध्याकाळी दूध विरजून त्या कपाटात ठेवते. आता तिथे ऊब कुठली? सकाळी दूध तसंच असतं. मग कपाटाचं दार उघडून आतल्या भिंतीवर हात फिरवत उभी राहते... म्हणून मी तिच्या आधी उठतो, दूध ओतून देतो आणि पातेल्यात हे घालून ठेवतो." त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. असती तर बरं झालं असतं. मी त्याच वेळी म्हणायला हवं होतं की चुकलो रे. मी म्हणालो, "विजेचा हीटिंग पॅड मिळतो, तो ठेव ना कपाटात." काढा आणि नवं बसवा! माझ्याजवळ दुसरं काही नव्हतंच.

जानेवारीत चार दिवस कडाका पडला. चौथ्या दिवशी सकाळी नऊला त्याचा फोन आला. बॉयलर गुरगुरतोय आणि बंद पडतोय, रेडिएटर थंड, घर गार पडलंय, शैला दोन स्वेटर घालून बसली आहे, इंजिनियर उद्याशिवाय येत नाही. मी बसल्या जागी निदान केलं. "बाहेरची नळी गोठून आतलं पाणी तुंबलं असणार. बोळात जा आणि केटलने पाणी ओत तिच्यावर." तो म्हणाला, "उकळतं?" मी म्हटलं, "छे, प्लॅस्टिक तडकेल. विसण घालून ओत." तो हसला. कितीतरी महिन्यांनी हसला. "अखेर तुझ्या कॉम्बीलाही विसण लागलंच ना?" मलाही हसू आलं, इतकं बरं वाटलं की मी उत्साहाने आणखी सांगत सुटलो, एका केटलने नाही भागलं तर दुसरी ओत, पाणी खळखळ वाहिलं पाहिजे, घाबरू नको. तो म्हणाला, बरं. तू येतोस का, असं त्याने विचारलं नाही. मी येतो, असं मी म्हणालो नाही. बाहेर फुटपाथ निसरडे होते, माझ्या हातात चहाचा कप होता आणि दहा मिनिटांची वाट होती. मी आयुष्यभर निसरड्यावर पडलेल्या म्हाताऱ्यांचे खुबे बसवले. जानेवारीत आमचे वॉर्ड त्यांनीच भरलेले असायचे. काँक्रीटवर ओतलेलं पाणी त्या थंडीत किती वेळात गोठतं, हे मला कळायला नको?

पहिली केटल ओतून तो आत गेला, दुसरी भरून बाहेर आला, आणि पहिल्या केटलचं पाणी तोवर पायाखाली काच होऊन बसलं होतं. शेजारच्या बाईने कुंपणावरून त्याला पाहिलं तेव्हा अर्धा तास तरी झाला असावा. स्वयंपाकघराचं दार बंद होतं. थंडी आत येते म्हणून वहिनींनी ते लावून घेतलं होतं. त्यांनी त्याला पाहिलं होतं का, हे त्यांना विचारून उपयोग नाही. मनोहरने त्यांना हाका मारल्या होत्या, हे त्याने स्वतः मला वॉर्डात सांगितलं. तेवढंच सांगितलं. खुब्याचं ऑपरेशन चांगलं झालं, मी फिल्म पाहिली, मीसुद्धा याहून बरं केलं नसतं. मग छातीत कफ झाला. तिसऱ्या आठवड्यात तो मास्क लावून पडला होता आणि भिंतीवरच्या ऑक्सिजनच्या काट्याकडे बघत होता, सवयीने. मी शेजारी बसलो होतो. त्याचा हात माझ्या हातात होता, गार पडलेला. मनात एकच वाक्य होतं आणि ते ओठांपर्यंत येऊन परत जात होतं. शेवटी मी म्हणालो, "येतो उद्या." त्याने पापण्या हलवल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला निखिलचा फोन आला.

आता वहिनी मेडनहेडजवळच्या एका केअर होममध्ये आहेत. तिथे सगळीकडे एकाच नळातून बेताचं ऊन पाणी येतं. त्या मला ओळखत नाहीत, पण अजून गोड हसतात. मनोहरचं नाव त्या घेत नाहीत. मधेच उठून दारापाशी जातात, ते नीट लागलंय का पाहतात आणि परत येऊन बसतात. मी दर गुरुवारी जातो. गाडीत परत येताना मला रस्ता दिसेनासा होतो, मग कडेला थांबतो. मंगल म्हणते, किती मनाला लावून घ्याल, मित्र होता, पण आपलंही वय आहे. तिला कसं सांगू की हे दुःख नाही, निदान नुसतं दुःख नाही. दुःख असतं तर त्याचं काही करता आलं असतं. चार माणसांत बसून रडता आलं असतं.

गेल्या शनिवारी निखिलने मला मनोहरच्या घरी बोलावलं, कपडे आणि पुस्तकं काढायला. आम्ही स्वयंपाकघरात उभे होतो. वर भिंतीवर बॉयलर मजेत चालू होता. निखिलच्या हातात मनोहरचा फोन होता. तो म्हणाला, "काका, त्या दिवशी बाबांनी तुम्हाला call केला होता. नऊ वाजता, four minutes. काय म्हणाले?" मी खिडकीतून बोळाकडे पाहिलं आणि म्हटलं, "काही नाही रे. थंडी फार आहे म्हणाला. आईची चौकशी केली मी." निखिलने डोळे पुसले. म्हणाला, "I keep thinking, काका, त्यांनी तुम्हाला विचारला असता ना, that stupid pipe... तुम्ही त्यांना बाहेर जाऊच दिला नसता." आणि मी म्हणालो, "हो."

निखिल मोडकं का होईना मराठी बोलतो. त्याला ते वाचता येत नाही. म्हणून हे इथे लिहिलं.